पाकिटावरचं नाव

तो छापा मी विसरलेलो नाही. खून, दरोडे, दंगली अशा कितीतरी गुन्ह्यांचा तपास मी केला आणि निवृत्तीनंतर लोक भेटले की त्यांबद्दलच विचारतात. पण माझ्या मनात राहून गेलेला गुन्हा एका मसाल्याच्या पाकिटाचा आहे. त्यात रक्त सांडलं नाही, कुणी फरार झालं नाही, तपासही सव्वा महिन्यात पुरा झाला. तरी ते प्रकरण संपलं असं मला वाटत नाही. यातल्या कुणाचंही नाव मी देणार नाही. मसाल्याचंही देणार नाही, कारण ते एका बाईचं नाव आहे.

तेव्हा मी नाशिकमध्ये औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. गुन्ह्यांचा तपास माझ्याकडे असे. सकाळची हजेरी झाली होती, ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरी पुढ्यात ठेवली होती आणि मी सह्या करत होतो. तेवढ्यात एक गृहस्थ वकिलांना घेऊन आत आले. पन्नाशीचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं मऊ. शहरातल्या आणि सिन्नर, निफाडकडच्या किराणा दुकानांना माल पुरवणारे ते वितरक होते. त्यांनी टेबलावर एक फाईल ठेवली. प्रत्येक कागद वेगळ्या प्लास्टिकच्या पाकिटात, वर अनुक्रमणिका.

आज मला वाटतं, त्या फाईलकडे बघूनच मी थोडं थांबायला हवं होतं. नाडलेला माणूस ठाण्यात येतो तेव्हा त्याचे कागद पिशवीत कोंबलेले असतात, अर्धे घरी राहिलेले असतात, जे आणलेत त्यातले निम्मे बिनकामाचे असतात. इतकी तयार फाईल घेऊन येणारा फिर्यादी बहुधा महिनाभर आधीपासून तयारी करत असतो. पण त्या दिवशी मला ती फाईल आवडली. आपलं निम्मं काम झालं असं वाटलं.

त्यांची तक्रार साधी होती. एका नावाचा काळा मसाला ते विकतात. नावाचा ट्रेडमार्क त्यांच्या नावावर नोंदवलेला आहे, पाकिटावरच्या लेबलची कॉपीराइट नोंदणीही त्यांचीच आहे. सिडकोतल्या एका रो-हाऊसमध्ये कुणी बाई त्याच नावाची, तशाच लेबलची पाकिटं भरून दुकानात देते आहे. दोन्ही नोंदणीपत्रं फाईलमध्ये होती. त्यामागे एका छापखान्याचं जुनं बिल होतं, लेबलचं डिझाइन आणि छपाई यांचं. नाव आणि लेबल आपण किती आधीपासून वापरतो, हे दाखवायला ते जोडलं होतं. मी ते उलटून पाहिलं आणि पुढे गेलो.

दुपारी दोन शिपाई साध्या वेशात पाठवले. त्यांनी त्या घरातून दोन पाकिटं विकत आणली. फिर्यादीच्या पाकिटाशेजारी ठेवली तर तसूभर फरक नव्हता. खबर पक्की झाली.

आता थोडं कायद्याचं. ट्रेडमार्कच्या कायद्याखाली जप्ती करायची तर सहायक आयुक्त दर्जाचा अधिकारी लागतो, आणि त्याआधी ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाचं मत घ्यावं लागतं. त्यात काही दिवस जातात. वकिलांनी सुचवलं, लेबलचा कॉपीराइट आहेच, त्या कायद्याखाली फौजदारसुद्धा लगेच जप्ती करू शकतो. वाट कायदेशीर होती. मी ती धरली. ते मत मागवलं असतं तर कदाचित तेही फिर्यादीच्याच बाजूने आलं असतं, कारण नोंद त्यांचीच होती. पण मध्ये काही दिवस गेले असते, आणि त्या दिवसांत कदाचित मी फाईल नीट वाचली असती.

दुसऱ्या दिवशी दोन पंच, दोन शिपाई आणि एक महिला हवालदार घेऊन आम्ही गेलो. घरामागे पत्र्याची शेड होती. सहा बायका कामाला बसल्या होत्या. एका कढईत खोबरं भाजलं जात होतं, मिरची कुटणारं कांडप यंत्र धडधडत होतं. शिरताक्षणी आम्हा सगळ्यांना ठसका लागला. मी यंत्र बंद करायला सांगितलं. एक पंचेचाळिशीच्या बाई उठून पुढे आल्या, हात फडक्याला पुसले आणि काय झालं म्हणून विचारलं. घर त्यांचंच होतं. मी नोंदणीपत्राची प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती दोनदा वाचली.

“साहेब, हे नाव माझं आहे,” त्या म्हणाल्या.

मी त्यांचं आधार कार्ड मागितलं. त्यावर वेगळंच नाव होतं. आडनाव वेगळं असतं तर समजू शकलो असतो, पण पहिलं नावही वेगळं होतं. मी कार्ड त्यांच्यासमोर धरून म्हणालो, “बाई, खोटं बोलायचं तर निदान आपल्या कागदांवर काय लिहिलंय ते बघून बोला.”

त्या कामकरी बायकांपैकी एक जण काही बोलायला उठली. बाईंनी तिला हाताने बसवलं. त्यानंतर पंचनामा पुरा होईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मी त्याला कबुली समजलो.

मसाल्याची पोती, भरलेली पाकिटं, लेबलची भेंडोळी, पाकीट चिकटवण्याचं यंत्र, सगळं सील केलं. बाहेर एक वार्ताहर येऊन उभा होता. त्याला कुणी कळवलं ते मी विचारलं नाही. जप्तीच्या मालामागे उभं राहून फोटो काढायची रीत होती, तशी आम्ही पाळली. बाईंनी पदर पुढे ओढला होता, तोही त्या फोटोत आला.

अशा गुन्ह्यात लगेच अटक करायची नसते, नोटीस देऊन जबाब घ्यायचा असतो. आम्ही तेच केलं. पण शेजाऱ्यांना नोटीस दिसत नाही, त्यांना जीप दिसते. बाई जीपमध्ये बसल्या तेव्हा गल्लीतल्या प्रत्येक दारात माणूस उभा होता.

ठाण्यात त्यांचे यजमान धावत आले. लेथवर काम करणारा माणूस, कंपनी बंद पडल्यावर घरी बसलेला. दोघांचे जबाब वेगवेगळे घेतले, पण हकीकत एकच निघाली. बाई कळवण तालुक्यातल्या एका खेड्यातल्या. लग्नात तांदळाच्या ताटात नवीन नाव लिहिलं गेलं आणि जुनं नाव माहेरीच राहिलं. रेशनकार्ड, बँक, आधार, सगळीकडे सासरचं नाव लागलं. नवऱ्याची नोकरी गेल्यावर त्यांनी घरी मसाला करून शेजारपाजारी द्यायला सुरुवात केली. पाकिटावर काहीतरी छापायला हवं होतं. यजमान म्हणाले, तिचं जुनं नाव घालू. तिला त्या नावाने हाक मारणारं नाशकात कुणी नव्हतं.

फिर्यादी त्यांच्याकडे पुढे काही वर्षांनी आला होता. चांगला माल बघून तो दुकानांत पोचवायला लागला. दिवाळीचा फराळ एकमेकांकडे जायचा. त्यानेच एकदा सांगितलं, ताई, नाव नोंदवून घ्या, उद्या कुणी चोरेल. बाईंनी लेबलची मूळ फाईल, जुन्या पाकिटांचे नमुने आणि दोन कोऱ्या अर्जांवर सह्या त्याच्याकडे दिल्या. नोंदणी झाली का, असं दोनतीनदा विचारलं. सरकारी काम आहे, वेळ लागतो, असं तो म्हणत राहिला.

हे सगळं मी शांतपणे लिहून घेतलं आणि त्यातलं फारसं काही मानलं नाही. आरोपी काहीतरी सांगतोच. पुरावा काय, असं विचारलं तेव्हा बाईंनी मोबाईलमध्ये एक फोटो दाखवला. बचत गटांच्या प्रदर्शनातला त्यांचा स्टॉल होता, मागे रंगवलेल्या कापडावर तेच नाव. फिर्यादीच्या भेटीआधीचा तो फोटो होता. पण फाईलमधलं छापखान्याचं बिल त्याहूनही वर्षभर जुनं होतं. कागदावर फिर्यादीच आधीचा ठरत होता.

जबाब संपवून बाई गेल्यावर महिला हवालदार माझ्या टेबलाशी थांबल्या. वीस वर्षं नोकरी झालेल्या, कधी तपासात मधे न बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, “साहेब, माझ्या सर्व्हिस बुकात एक नाव आहे आणि सासरी दुसरं. मला कुणी आधार मागितलं असतं तर मीही खोटीच ठरले असते.”

मी बघू म्हणालो आणि दुसऱ्या कामाला लागलो.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. ‘बनावट मसाल्याचा कारखाना उद्ध्वस्त’ असा मथळा, खाली आमचा फोटो. बनावट म्हणजे दुसऱ्याच्या नावाचा, एवढाच आमचा अर्थ होता. लोकांनी त्याचा अर्थ भेसळ असा घेतला. दोन दिवसांत तो फोटो घरोघरच्या मोबाईलवर फिरला आणि प्रत्येक फेरीत त्याखाली एकेक ओळ वाढत गेली. विटकरीची पूड, लाकडाचा भुसा, कपड्याचा रंग. मसाल्यात भेसळ आहे असं आम्ही कुठेही म्हटलं नव्हतं. नाही असंही कुठे म्हटलं नव्हतं. पुढे अन्न प्रशासनाचा अहवाल स्वच्छ आला, पण त्याची बातमी कुणी छापली नाही.

चौथ्या दिवशी बाईंचा भाऊ गावाहून आला. अंगात साधा सदरा, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्याने बहिणीचा शाळा सोडल्याचा दाखला काढला. त्यावर ते नाव होतं, वडिलांच्या नावासह.

“आमच्या घरात आजूनबी तिला ह्याच नावानं हाक मारतात साहेब,” तो म्हणाला. “ते नाव आमच्या आजीनं ठेवलेलं हाय.”

दाखला खोटाही असू शकतो, असं मी त्याला म्हणालो. तो रागावला नाही. म्हणाला, चला मग, शाळेत रजिस्टर हाय.

मी गेलो. वणीवरून पुढे कळवणच्या बाजूला, डांबरी रस्ता संपल्यावर आणखी थोडं आत. मुख्याध्यापकांनी कपाटातून जुनं जनरल रजिस्टर काढलं. पानं पिवळी पडली होती पण शाई नीट होती. नाव तिथे होतं, जन्मतारखेसह, खाडाखोड नसलेलं. मी प्रत घेतली आणि पंचांच्या सह्या घेतल्या.

परत निघताना त्यांच्या घरी चहाला थांबलो. भावाच्या बायकोने सांगितलं की नणंदेच्या मसाल्याची पाकिटं इथल्या दुकानातही होती. बातमी आल्यावर दुकानदाराने ती परत आणून ओट्यावर ठेवली. शेजारणी येऊन विचारत होत्या, तुमच्या घरच्या माणसांनी तरी खाल्लं का ते? सांगताना ती बाई माझ्याकडे बघत नव्हती. तिने चहा मात्र नीट, बशीसकट दिला.

तरीही एक गोष्ट मला स्पष्ट होती. नाव तिचं होतं म्हणून ट्रेडमार्क तिचा होत नाही. एका नावाच्या हजार बाया असतात. प्रश्न एवढाच होता की बाजारात ते नाव आधी कुणी वापरलं, आणि त्याचं उत्तर त्या छापखान्याच्या बिलात होतं.

ठाण्यात आल्यावर मी फाईल पुन्हा उघडली. या वेळी वकिलांनी लावलेली अनुक्रमणिका बाजूला ठेवली आणि एकेक कागद पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचला. बिलाशी आलो. तारीख वाचली. मग वरचं छापील हेडिंग वाचलं. छापखान्याचं नाव, पत्ता आणि त्याखाली जीएसटी क्रमांक.

जीएसटी देशात सुरू झाला त्याच्या तीन वर्षं आधीचं ते बिल होतं.

हे बिल पहिल्या दिवसापासून माझ्या ताब्यात होतं. छाप्याला निघताना ती फाईल मी हातात धरली होती.  राग आधी स्वतःचाच आला.

छापखान्याच्या मालकाला बोलावलं. साठीचा, दम्याने बेजार झालेला माणूस. त्याला पाणी दिलं, बिल त्याच्या हातात दिलं आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. वर्षानुवर्षांच्या चौकशीत मला एक कळलं होतं. कागदाच्या गुन्ह्यात दरडावून काही मिळत नाही. ज्याने कागद केला त्यालाच तो वाचायला लावावा. त्याने तारीख वाचली, गिऱ्हाइकाचं नाव वाचलं, मालाचा तपशील वाचला. मग मी म्हणालो, वरून वाचा. त्याने छापखान्याचं नाव वाचलं, पत्ता वाचला आणि पुढच्या ओळीशी तो थांबला.

त्याने बिल टेबलावर ठेवलं. मग म्हणाला, “कॉम्प्युटरमधे तारीख मागची टाकता येते साहेब. वरचं हेडिंग तेच येतं. माझ्या लक्षात नाही आलं.”

फिर्यादी त्याचं जुनं गिऱ्हाईक होता. नोंदणीसाठी जुन्या तारखेचं बिल लागतंय, जुनं हरवलंय, असं सांगून त्याने ते करून घेतलं होतं. छापखानावाल्याने त्यात फार काही पाहिलं नाही. लेबलचं डिझाइन त्याने केलेलंच नव्हतं. लेबलवरचं खलबत्त्याचं चित्र बाईंच्या यजमानांनी काढलं होतं, कंपनीच्या जुन्या जॉबकार्डाच्या पाठीवर. तो कागदही पुढे त्यांच्या घरातल्या ट्रंकेत सापडला.

मग फिर्यादीला बोलावलं. या वेळी त्यांच्यासोबत फाईल नव्हती. मी बिल समोर ठेवलं, छापखानावाल्याचा जबाब ठेवला, प्रदर्शनातला फोटो ठेवला. वकिलांनी अशील काही बोलणार नाही म्हणून सांगितलं. पण माणूस इतके दिवस मनात धरलेलं बोलायला आला असला की वकील त्याला थांबवू शकत नाही.

“साहेब, बाई मसाला चांगला करते, मान्य,” ते म्हणाले. “पण चांगला मसाला नाशकात घरोघरी होतो. दुकानदाराला ते नाव ओळखीचं मी केलं. ऊन म्हटलं नाही, पाऊस म्हटलं नाही, गाडी मी फिरवली. आणि एक दिवस ती म्हणते, पुढच्या महिन्यापासून दुकानांना माल आम्हीच देणार. मग माझं काय राहिलं?”

नोंदणी तर त्याच्याही आधी केली होती, असं मी म्हणालो. ताईंनी विश्वासाने कागद दिले तेव्हाच तुम्ही स्वतःचं नाव लावलंत.

ते म्हणाले, “नाव पडून होतं साहेब. कुणाच्या नावावर नव्हतं. मी नाही तर दुसऱ्या कुणी घेतलं असतं.”

त्यांच्या आवाजात खोटेपणा नव्हता. चोरी केलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांना आपण चोर आहोत असं वाटत नसतं. यांनी खरंच मेहनत केली होती. मेहनतीचं मोल मागायचं सोडून त्यांनी समोरच्याचं नावच उचललं, आणि कायद्याने ते त्यांच्या हातात दिलं, इतकंच.

त्यांच्यावर खोटा दस्तऐवज तयार करणं, तो खरा म्हणून वापरणं आणि पोलिसांना खोटी माहिती देणं याबद्दल गुन्हा दाखल झाला. बाईंच्या विरुद्धचा गुन्हा खोटा ठरवून बंद करण्याचा अहवाल मी न्यायालयात पाठवला. सहायक आयुक्तांनी शाबासकी दिली. गुन्हा उघडकीस आणल्याबद्दल मला बक्षीसही मंजूर झालं.

मी स्वतः बाईंच्या घरी जाऊन हे सांगितलं. त्यांनी विचारलं, मग उद्यापासून मी माझ्या नावाने पाकिटं भरू का?

मला हो म्हणता आलं नाही.

ट्रेडमार्कची नोंद पोलिसांना रद्द करता येत नाही. त्यासाठी नोंदणी कार्यालयात किंवा उच्च न्यायालयात वेगळा अर्ज करावा लागतो, तारखा पडतात, वर्षं जातात. तोवर कागदावर ते नाव त्या वितरकाचंच. बाई आधीपासून वापरत होत्या म्हणून कायदा वितरकाला त्यांच्या आड येऊ देत नाही, असं एक कलम आहे, पण ते किराणा दुकानदाराला कोण समजावणार? यजमान तेही करून पाहत होते. शाळेच्या दाखल्याला प्लास्टिक लावून ते दुकानोदुकानी फिरले. दुकानदार म्हणायचे, आम्हाला पटतंय हो, पण गिऱ्हाईक हात लावत नाही. काही दिवसांनी त्यांनी फिरणं थांबवलं. कांडप यंत्र विकलं. त्या सहा बायकांतल्या काही वसाहतीत पॅकिंगच्या कामाला लागल्या, बाकीच्यांचं काय झालं मला माहीत नाही.

वितरक जामिनावर सुटला होता. त्याने दुसरीकडून हलका मसाला आणून त्याच नावाने विकायला सुरुवात केली. काही महिने तो खपला. मग लोक म्हणायला लागले, या मसाल्याला पूर्वीची चव नाही. हळूहळू दुकानांतून तोही गेला. एका बाईचं नाव आधी भेसळीचं म्हणून बदनाम झालं होतं, मग बेचव म्हणून झालं.

जप्त माल परत करण्याचा आदेश नऊ महिन्यांनी आला. तोवर आमच्या मुद्देमाल खोलीत तो पडून होता. सुरुवातीला सगळं ठाणं शिंकत असायचं, शिपाई चेष्टा करायचे. पुढे पुढे वास येईनासा झाला. बाई माल घ्यायला आल्या तेव्हा मुद्देमाल कारकुनाने सील तोडून पोतं उघडलं. मसाल्याला जाळी धरली होती, टोके किडे फिरत होते. त्यांनी मूठभर हातात घेऊन हुंगला आणि परत पोत्यात सोडला. पावतीवर सही केली. पोती कचऱ्याच्या घंटागाडीत घाला म्हणून सांगितलं आणि फक्त लेबलची भेंडोळी घेऊन गेल्या.

निवृत्त झाल्यावर वर्षभराने त्या महिला हवालदारांचा फोन आला. बाईंच्या वकिलांनी केलेला अर्ज मंजूर झाला होता. वितरकाची नोंद रद्द झाली, नाव बाईंच्या नावावर लागलं. मी दुसऱ्याच दिवशी सिडकोत गेलो.

घर तेच होतं, शेड नव्हती. बाई आता मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला जात होत्या. यजमान गंगापूर रोडच्या एका सोसायटीत सुरक्षारक्षक होते. बाईंनी बसायला सांगितलं, पाणी दिलं. मी जे बोलायला गेलो होतो ते बोललो. माफी मागणं आमच्या नोकरीत शिकवत नाहीत, त्यामुळे ते नीट जमलं नसेल.

 त्या म्हणाल्या, “तुम्ही मला खोटं बोलते म्हणालात, ते मी विसरले असते. पण त्या सहा जणींसमोर म्हणालात. त्यांना मीच सांगितलं होतं, हे नाव माझं म्हणून.”

 त्यांनी कपाटातून नोंदणीपत्र काढून माझ्यापुढे ठेवलं. वर ते नाव, खाली मालक म्हणून त्यांचं सासरचं नाव. दोन्ही नावं एका कागदावर मी पहिल्यांदाच पाहत होतो. अभिनंदन करायला तोंड उघडलं, पण त्याआधी त्यांनीच विचारलं, “साहेब, आता हे लावू कशावर?”

  पुन्हा सुरू करा, असं म्हणणं सोपं होतं. पण ज्या नावावर लोकांनी भरवसा टाकला होता ते नाव बाजारात मेलं होतं, आणि मेलेल्या नावाचा कागद घेऊन त्या पन्नाशीत पुन्हा दारोदार जाणार नव्हत्या. चहा घेऊन मी निघालो. यजमान कामावरून यायचे होते, त्यांच्यासाठी मी थांबलो नाही. खरं म्हणजे त्यांच्यासमोर बसायचं धैर्य झालं नाही.

आता कुणी घरगुती उद्योग करणारं भेटलं की मी न विचारता सांगतो. पहिलं पाकीट विकायच्या आधी नाव स्वतःच्या नावावर नोंदवा. अर्जावर अर्जदार म्हणून कुणाचं नाव आहे ते वाचल्याशिवाय सही करू नका, मग समोरचा कितीही घरचा असो. पहिलं बिल, पहिलं लेबल, पहिल्या स्टॉलचा फोटो जपून ठेवा. लोक मान डोलावतात आणि बहुतेक जण काही करत नाहीत, कारण धंदा लहान असताना नावही लहानच वाटतं. ते चोरण्याजोगं झालंय हे आधी चोराला कळतं.

आमच्या खात्यातल्या तरुण अधिकाऱ्यांनाही सांगतो. नोंदणीपत्र एवढंच सांगतं की कागद आधी कुणी नेला. माल आधी कुणी केला, ते कागदाबाहेर जाऊन शोधावं लागतं, आणि तेही छाप्याच्या आधी. छापा मागे घेता येत नाही. पंचनामा रद्द होतो, गुन्हा रद्द होतो, पण गल्लीने पाहिलेली जीप कुठल्याच न्यायालयात रद्द होत नाही.

त्या तपासाबद्दल मिळालेल्या बक्षिसाची नोंद माझ्या सेवापुस्तकात आहे. एका बाईने स्वतःचं नाव सांगितलं आणि मी ते मानलं नाही, याची नोंद कुठल्याच कागदात नाही. म्हणून ती इथे केली.